गळ माझा, मासा तात्याचा

वाळूची_नदी

पहाटे पावणेपाचला तात्याचा ट्रक दारात आला तेव्हा पाऊस पडत होता. पडत होता म्हणजे अमेरिकेतल्या पोर्टलंडचा पाऊस. धड पडत नाही, धड थांबत नाही, नुसता लोंबकळत राहतो. मी चिवड्याचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन बाहेर आलो. मागे ट्रेलरवर सोळा फुटी ड्रिफ्ट बोट होती, तिच्यावर ताडपत्रीसुद्धा नाही. "पाण्यातच जायचंय तिला," तात्या म्हणाला.

तात्या आमचा शेजारी. वय अडुसष्ट, आयुष्यभर लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवला, आता निवृत्त. नाव अर्थातच वेगळं आहे, पण मी मनातल्या मनात त्याला तात्याच म्हणायचो. एकदा तोंडातून निसटलं आणि अर्थ सांगावा लागला. त्याला इतकं आवडलं की आता मेसेजच्या खाली 'टाटिया' अशी सही करतो.

फेब्रुवारीचा शेवट होता. नदी सँडी. हूड पर्वताच्या हिमनद्यांतून निघते आणि ट्राउटडेल गावापाशी कोलंबिया नदीला मिळते. १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी तिच्या मुखाशी पोचले तेव्हा पाय रुतणारी वाळू बघून त्यांनी तिचं नाव 'क्विकसँड रिव्हर' ठेवलं. ती वाळू हूड पर्वताच्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या उद्रेकांची. पुढे नावातली पहिली दोन अक्षरं गळून पडली. उन्हाळ्यात हिमनदीनं दळलेल्या खडकाच्या पिठामुळे पाणी ताकासारखं गढूळ असतं. हिवाळ्यात वर सगळं गोठलेलं असल्यानं ते निवळतं, आणि पाऊस पडून दोनतीन दिवस झाले की त्याला एक विशिष्ट हिरवा रंग येतो, कच्च्या पेरूच्या सालीसारखा. इथले गळवाले त्या रंगाला, ज्या माशासाठी येतात त्या स्टीलहेडचंच नाव देतात. तात्या पुलावरून जाताना ट्रक हळू करून खाली बघतो आणि रंग पसंत नसेल तर तसाच घरी परततो. त्या दिवशी काही बोलला नाही, म्हणजे पसंत होता.

ड्रिफ्ट बोट हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिला इंजिन नाही. बूड सपाट, पण लांबीत केळ्यासारखं वाकलेलं, दोन्ही टोकं वर उचललेली. त्यामुळे वीतभर पाण्यातही तरंगते आणि वल्ह्याच्या एका ओढीत जागच्या जागी गरकन वळते. हिचा जन्म इथलाच, ओरेगनमधल्या मॅकेंझी नदीवर. १९२० ते १९४० च्या दशकांत तिथल्या वाटाड्यांनी आणि युजीन गावाच्या आसपासच्या होडी बांधणाऱ्यांनी खडकाळ, धावत्या पाण्यासाठी ही घडवत नेली. तात्याची बोट अॅल्युमिनियमची आहे. खडकाला घासली की रिकामा रॉकेलचा डबा फरशीवरून ओढल्यासारखा आवाज येतो, आणि तात्या प्रत्येक वेळी माझ्याकडे बघतो, जणू खडक मी ठेवला.

आपल्याकडे होडी वल्हवणारा पाठमोरा बसतो आणि होडी त्याच्या पाठीच्या दिशेनं जाते. इथे उलट. वल्हवणारा तोंड प्रवाहाकडे करून, म्हणजे होडी जिकडे जाणार तिकडे बघत बसतो, आणि वल्ही मारतो ती मागे जाण्यासाठी. नदी होडीला खाली ओढते, हा वर ओढतो, होडी पाण्यापेक्षा हळू उतरते. सगळी कला त्या 'हळू'मध्ये आहे. आणि पुढे खडक आला तर होडीचं नाक चक्क खडकाकडे करायचं आणि तिरपं मागे ओढून बाजूला सरायचं. मला हे समजायला दोन हिवाळे लागले. माझे हात अजून आधी पळ काढायच्या बाजूलाच वळतात.

ऑक्सबो पार्कच्या उतारावरून बोट पाण्यात सोडली आणि खाली डॅबनीला काढायची असं ठरलं होतं. म्हणजे आधी डॅबनीला माझी गाडी ठेवायची, मग दोघांनी ट्रकमधून वर यायचं. अंधारात ही ये-जा करण्यातच तास जातो. (ऑक्सबोमध्ये कुत्रा आणायला बंदी आहे. तात्याची म्हातारी कुत्री घरी राहते आणि दिवसभर रुसते.) पहिला साधारण मैलभर होडीतून गळ टाकता येत नाही. नदीवरून विजेच्या तारा जातात तिथपर्यंत होडी फक्त वाहन. मासे धरायचे तर काठाला लावून, उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून. तसे उतरलो दोन ठिकाणी. पाणी पाच-सहा अंश सेल्सिअस असेल. वेडर्समधूनही (पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) पोटऱ्या बधिर झाल्या. मासा नाही.

तारा ओलांडल्यावर तात्यानं पुढच्या दोन रॉडना प्लग लावले. प्लग म्हणजे बोटभर लांबीचा प्लॅस्टिकचा खोटा मासा, तोंडाला पसरट ओठ. तो प्रवाहाच्या दिशेनं साधारण पन्नास फूट पुढे सोडायचा आणि रॉड बोटीच्या खोबणीत ठेवायचा. बास. गळवाल्याचं काम संपलं. पुढचं सगळं वल्हवणाऱ्याचं. होडी पाण्याबरोबर वाहत राहिली तर प्लग नुसता मेल्यासारखा वर तरंगतो. वल्हवणाऱ्यानं होडी रोखून धरली की पाणी प्लगवरून वाहतं, तो बुडी मारतो आणि थरथरायला लागतो. रॉडचं टोक टकटक हलतं. मग तात्या इंचाइंचानं होडी खाली सोडतो आणि ते थरथरणारं काहीतरी उलट्या पावली डोहात शिरत जातं. खाली खडकाच्या आडोशाला पडलेल्या माशाला वाटतं की कुणीतरी आपल्या अंगावर चालून येतंय. तो थोडा मागे सरतो. प्लग अजून पुढे. मासा अजून मागे. डोहाच्या शेपटाशी, जिथे पाणी उथळ होतं, तिथे मागे सरायला जागा उरत नाही. मग तो चावतो. भुकेनं नाही, बहुधा वैतागून.

मी हे सगळं पुढच्या बाकावर बसून चिवडा खात बघत होतो. तात्या घामाघूम. एकदा ओढ, दोनदा ओढ, डावीकडे अर्धा हात, थांब. त्याचं लक्ष रॉडच्या टोकांवर, आणि त्यांच्यापलीकडे पाण्याच्या त्या रेषेवर जिथे जोराची धार आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात. बोलत नाही. अशा वेळी मीही बोलत नाही, बायको विश्वास ठेवणार नाही पण खरंच नाही.

तिसऱ्या डोहात डावा रॉड पाण्यापर्यंत वाकला. आणि मी तेच केलं जे करायचं नाही म्हणून तात्यानं मला किमान दहा वेळा सांगितलंय. झटकन उचलून हिसका दिला. प्लगला मासा लागला की आधी रॉड पुरता वाकू द्यायचा, मासा वळू द्यायचा, मगच हातात घ्यायचा. एक क्षण हाताला जड, जिवंत काहीतरी लागलं. तीस फुटांवर पाणी फुटलं, चांदीची फळी उभी राहिल्यासारखी दिसली, आणि दोर सैल.

तात्यानं नांगर टाकला. होडीच्या मागे दोरीला तीसेक पौंडांचा शिशाचा पिरॅमिड असतो. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे माझ्या डब्यातला चिवडा घेतला, खाल्ला, आणि म्हणाला, "तो मासा मी पंचेचाळीस मिनिटं पकडत होतो."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. इतके दिवस मी 'मी पकडलेले मासे' असं म्हणून ज्यांचे फोटो घरच्यांना पाठवत होतो त्यातला एकही माझा नव्हता. मी फक्त रॉडच्या जवळ बसलेला माणूस होतो.

दुपारी गाबोळी बाहेर निघाली. होय, गाबोळी. मंडळींनी काळजावर दगड ठेवावा. ज्या गाबोळीसाठी आमच्या घरी भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या, ती इथे मीठ, साखर, टाकणखार आणि गुलाबी रंग लावून मुरवतात आणि गळाला लावतात. तात्याकडे शरद ऋतूत धरलेल्या सामनची गाबोळी बरण्यांत भरून फ्रीजरमध्ये असते. त्याच्या बायकोच्या आइस्क्रीमशेजारी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं होतं, "ही खात नाही तुम्ही?" त्यानं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी कुणी मोदकाची पारी गळाला लावली तर देईन.

तरंगतं बोंड, त्याखाली सहासात फुटांवर गाबोळीचा बोराएवढा गोळा. आता रॉड माझ्या हातात, पण होडी पाण्याच्या अगदी त्याच वेगानं न्यायची म्हणजे बोंड ओढलं जात नाही, हेही पुन्हा तात्याचंच काम. अडीचच्या सुमाराला बोंड बुडालं. या वेळी हिसका देणंच बरोबर असतं, आणि अर्थात या वेळी मी सकाळचं आठवून क्षणभर थबकलो. तरी लागला. दोर सर्रकन निघाला, मासा डोह सोडून खालच्या खळाळात घुसला, आणि तात्यानं होडी त्याच्या मागे सोडली. आम्ही माशामागे वाहत होतो. दोन खडकांमधून, एका आडव्या पडलेल्या झाडाच्या हातभर अंतरावरून. मी फक्त रॉड वर धरून होतो आणि ओरडत होतो, मराठीत.

दहा-बारा मिनिटांनी जाळीत आली. मादी, अंदाजे नऊ पौंड, पाठ पोलादी करडी, बाजू नुकत्याच घासलेल्या भांड्यासारख्या, कल्ल्यावर गुलाबी छटा इतकी पुसट की आहे की नाही कळू नये. तात्यानं जाळी पाण्यातच धरली आणि बोटानं दाखवलं. पाठीच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढा मऊ मांसल पर. शाबूत, मासे उबवण्याच्या केंद्रात कापलेला नाही. म्हणजे जंगली. म्हणजे सोडायची. मी चिमट्यानं गळ काढला, तिचं तोंड प्रवाहाकडे धरलं. शेपटीचा गळा एका हातात मावत नव्हता. मग ती गेली. घाईनं वगैरे नाही, निघाली आणि पाण्याच्या रंगात मिसळली.

संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी आलो. बायकोनं दुकानातून सामन आणून ठेवला होता. तिला अनुभव आहे.

तर प्रश्न असा, आणि यासाठीच धागा काढला: मासा कुणी पकडला म्हणायचं?

---

गाबोळी_फ्राय

गाबोळी गळाला? धागा उडवा. 😡
(लेख झकास. फोटो?)

---

इंद्रधनू

छान लिहिलंय. एक शंका: स्टीलहेड म्हणजे सामनचाच प्रकार ना? आमच्याकडे सुपरमार्केटमध्ये सामनच्या शेजारीच ठेवलेला असतो आणि दिसतोही तसाच केशरी.

---

वाळूची_नदी

@गाबोळी_फ्राय, फोटो आहे पण त्यात फक्त तात्याची टोपी आणि शेपटीचं टोक आलंय. हात थरथरत होते.

@इंद्रधनू, स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउट. तोच मासा, तीच जात. काही पिल्लं आयुष्यभर नदीतच राहतात, ती रेनबो. काही एकदोन वर्षं नदीत काढून समुद्रात जातात, उत्तर पॅसिफिकमध्ये दोनतीन वर्षं खाऊन दणकट होतात आणि वासावरून आपल्याच नदीत परततात, ती स्टीलहेड. गंमत म्हणजे एकाच आईच्या पोटची पिल्लं दोन्ही वाटांनी जाऊ शकतात. हिमाचल-काश्मीरमध्ये तळ्यांत वाढवतात तो रेनबो ट्राउटही याच जातीचा. आणि दुकानातला बहुतेक वेळा पाळलेला असतो.

पॅसिफिक सामनशी मोठा फरक हा की सामन अंडी घालून मरतो. स्टीलहेड मरेलच असं नाही, काही परत समुद्रात जाऊन पुढच्या खेपेला पुन्हा येतात. फार थोडे, पण येतात. ती मादी सोडताना हेच डोक्यात होतं.

---

बांद्याचो_बाबलो

आमच्याकडे पयलो पावस पडलो की व्हाळात मासे चडतत. तेंका आमी चडणीचे मासे म्हणताव. रातचे बत्ती घेवन जावचा, कोयती नायतर टोपली, भातशेतातसुद्धा गावतत. होडी नको, वल्ही नको नि तात्यापण नको!

आता शुद्धात लिहितो. वाचताना तेच आठवलं. फरक इतकाच की तुमचा मासा समुद्रातून येतो, आमचे नदीतले वर ओढ्यात शेतात चढतात. कारण मात्र एकच, अंडी घालणं. आणि आपण नेमके त्याच वेळी त्यांना धरतो, पोटात गाबोळी असताना. लहानपणी काही वाटायचं नाही. आता आमच्या व्हाळात वर बंधारा झालाय, मासे भिंतीपाशी येऊन उड्या मारतात आणि तिथे अख्खा गाव पिशव्या घेऊन उभा.

---

पेणकरीण

आमच्याकडे वळगणीचे मासे म्हणतात. आजी म्हणायची, पहिल्या वळगणीचे धरावेत, सगळे धरू नयेत. तिचं कुणी ऐकत नसे, ती स्वतःही नाही.

---

कोरडवाहू

लेखनशैली चांगली आहे, पण मला एक कळत नाही. भूक लागली म्हणून मासा मारला तर समजू शकतो. इथे दहा-बारा मिनिटं एका जिवाला ओठात काटा अडकवून पळवायचं, दमवायचं आणि मग "सोडून दिलं" म्हणून मोठेपणा मिरवायचा. याला खेळ म्हणायचं? माशाला विचारलं होतं का?

---

गाबोळी_फ्राय

आला शाकाहारी. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

कोरडवाहू

मी शाकाहारी नाही. काल बोंबील खाल्ले. म्हणूनच विचारतोय.

---

वाळूची_नदी

@कोरडवाहू, प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं गोंडस उत्तर नाही. सोडलेल्या माशांपैकी काही मरतात हे खरं. थंड पाण्यात, पाण्याबाहेर न काढता, पटकन सोडले तर कमी मरतात, पण मरतात. परवान्याचे पैसे मत्स्यखात्याला जातात वगैरे सांगता येईल. पण मी त्यासाठी जात नाही. मला आवडतं म्हणून जातो. मोठेपणा मिरवला असं वाटलं असेल तर ते लिहिण्यात चुकलं. सोडणं हा माझा उदारपणा नाही, कायदा आहे. कोलंबियाच्या खालच्या भागातला जंगली स्टीलहेड १९९८ पासून संघराज्याच्या कायद्याखाली 'धोक्यात' म्हणून नोंदलेला आहे. पर कापलेला असेल तरच ठेवता येतो. उबवण केंद्रात पिल्लं सोडण्याआधी तो छोटा पर कापतात, म्हणजे परत आल्यावर ओळखू येतो.

---

सिअॅटलचा_पाऊस

वॉशिंग्टन राज्यात आम्हाला जंगली स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण काढायलाही बंदी आहे. मांडीवर घेऊन फोटो काढलात की दंड. त्यामुळे आमच्याकडचे फोटो सगळे शेपटीचेच. :)

आणि "मासा कुणी पकडला" या प्रश्नाचं उत्तर आमच्या मत्स्यखात्यानं देऊन टाकलंय. २०२० च्या डिसेंबरात ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या बाजूच्या, किनाऱ्यावरच्या नद्यांत मासे फारच कमी येणार असं दिसलं, तेव्हा त्यांनी त्या हंगामात काय केलं? होडीतून गळ टाकायला बंदी. होडीनं जा, पण उतरून मासे धरा. आमिषालाही बंदी. म्हणजे गळापेक्षा होडी जास्त मासे पकडते हे सरकारमान्य आहे. तेव्हा वाटाड्यांनी केवढा आरडाओरडा केला होता! त्यांचं पोट त्यावर, राग समजू शकतो. मला स्वतःला निर्णय पटला होता.

---

वाळूची_नदी

@सिअॅटलचा_पाऊस, हे भारी. तात्याला सांगितलं. म्हणाला, डेशूट्स नदीवर तर हा नियम कायमचाच आहे, होडीतून गळ टाकायचाच नाही, आणि त्यामुळे तिथे त्याला कुणी बोलावत नाही.

---

महाडचा_मी

कोरडवाहूंच्या मुद्द्यावरून आठवलं. आमच्या महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचा डोह. त्यात मोठमोठे महाशीर आहेत, देवीचे मासे म्हणून कुणी धरत नाही. लोक चुरमुरे टाकतात, मासे वर येतात. लहानपणी मी झुलत्या पुलावरून तासन्‌तास बघत बसायचो. गळ, परवाना, कापलेला पर यातलं काही नाही. फक्त देवीची भीती. डोहाच्या खाली मात्र तोच मासा दिसला की संपला.

---

कोरडवाहू

@महाडचा_मी, हे मला जास्त पटतं.

@वाळूची_नदी, उत्तर प्रामाणिक आहे, धन्यवाद. पटलं नाही, पण प्रामाणिक आहे.

---

पट्टीचा_पोहणारा

आडव्या झाडाच्या हातभर अंतरावरून गेलात हे वाचून पोटात गोळा आला. लाइफ जॅकेट होतं ना? पाच अंशाच्या पाण्यात पट्टीचा पोहणारासुद्धा काही मिनिटांत हात हलवू शकत नाही, आणि वाहत्या पाण्यातलं झाड चाळणीसारखं असतं, पाणी आरपार जातं आणि माणूस अडकतो. कोयनेच्या खोऱ्यात राफ्टिंग शिकवताना आम्ही पहिला धडा हाच देतो.

---

वाळूची_नदी

होतं. दोघांचंही. वेडर्सवर कमरेला पट्टाही घट्ट, म्हणजे पडलो तर आत पाणी भरायला वेळ लागतो. आणि ते झाड आम्हाला माहीत होतं, तात्यानं सकाळी ट्रकमध्ये चहाच्या कपाच्या झाकणावर बोटानं काढून दाखवलं होतं कुठे आहे ते. पण तुमचं म्हणणं बरोबर, माशाच्या नादात मी एकदाही तिकडे पाहिलं नाही. त्यानं पाहिलं.

---

इंद्रधनू

बाबलोंनी बंधाऱ्याचं लिहिलंय. सँडी नदीवर धरणं नाहीत का?

---

वाळूची_नदी

मुख्य नदीवर आता नाही. मार्मट नावाचं होतं, १९१३ पासून, वीज बनवण्यासाठी. ४७ फूट उंच. २००७ मध्ये फोडलं. मजा म्हणजे फोडायचं ठरवलं ते वीज कंपनीनंच. माशांसाठी नव्या नियमांप्रमाणे सुधारणा करायच्या तर मिळणाऱ्या विजेच्या मानानं परवडेना. मागे लाखो घनमीटर गाळ साठला होता, तो खाली येऊन सगळं बुजवेल अशी भीती होती. नदीनं तो अंदाजापेक्षा खूप लवकर वाहून नेला. तात्या तेव्हा काठावर जाऊन बघत होता. म्हणतो, पाणी चॉकलेटसारखं होतं आणि आवाज असा की खाली कुणी गोट्यांची पोती ओततंय. सकाळी फाटकं उघडावीत तसे मासे त्याच हिवाळ्यात वर गेले असं त्याचं म्हणणं. तात्याच्या म्हणण्यातलं थोडं तिखटमीठ वजा करून घ्यावं.

---

बांद्याचो_बाबलो

आमच्या बंधाऱ्याक कोण फोडतलो? तेच्यावर सरपंचाचा नाव कोरलेला आसा.

---

पेणकरीण

पर कापलेला मिळाला तर करता काय त्याचं? म्हणजे रांधता कसा ते सांगा. इतका मोठा लेख आणि एक पाककृती नाही!

---

वाळूची_नदी

मिळतो तेव्हा (वर्षातून दोनतीनदा, उगाच गैरसमज नको) जाड तुकड्या करतो. रवा लावून तळला तर मला तेलकट वाटतो, मासा स्वतःच तेलाचा आहे. सगळ्यात छान लागतो तो आगळ, मीठ, हळद, लसूण चोळून अर्धा तास ठेवून, तव्यावर कातडीची बाजू खाली. वर काही नाही. तिरफळं घातलेलं कालवण करून बघितलं, बांगड्याची सर नाही. तात्या मात्र सफरचंदाच्या लाकडाच्या धुरावर पाचसहा तास ठेवतो आणि तो असा लागतो की मी चिवड्याच्या बदल्यात घेतो. दर ठरलेला आहे: एक डबा चिवडा, एक तुकडी.

---

गाबोळी_फ्राय

आणि त्या माशाची गाबोळी???

---

वाळूची_नदी

फ्रीजरमध्ये. आइस्क्रीमशेजारी. भांडण झालं, मी हरलो.

---

सिअॅटलचा_पाऊस

मूळ प्रश्नावर माझं मत: मासा वल्हवणाऱ्याचा, गोष्ट गळवाल्याची. आमच्या ग्रुपमध्ये म्हणून दर डोहाला जागा बदलतात. तुम्ही कधी वल्ह्यावर बसता?

---

वाळूची_नदी

(बारा दिवसांनी)

@सिअॅटलचा_पाऊस, तुमच्यामुळे विषय निघाला आणि काल बसलो. तारा ओलांडल्यावर तात्या उठला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसला, काही न बोलता. मग मला मागे जावंच लागलं.

पहिल्या डोहात मी होडी इतकी जोरात रोखली की उलट वर गेलो आणि दोन्ही प्लग एकमेकांत गुंतले. दुसऱ्यात एक वल्हं कडीतून निसटलं. तिसऱ्यात, जिथे माझा मासा सुटला होता, तिथे सात-आठ मिनिटं सगळं जुळलं. डावी ओढ, उजवी ओढ, दोन्ही टोकं सारखी टकटक करत होती, आणि पाणी बोटीच्या दोन्ही बाजूंनी निघून जातंय आणि आपण जागच्या जागी आहोत असं वाटत होतं. दंडांत आग. मी टोकांकडे बघत होतो. तात्याही बघत होता. त्याचा डावा हात रॉडच्या जवळ नेऊन ठेवलेला, बोटं अर्धी उघडी.

काही लागलं नाही. शेपटाशी पोचलो तेव्हा खडकाला घासलो, डब्याचा तो आवाज आला, आणि त्यानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. आज सकाळी चहाचा कप उचलताना हात वर जाईना.

---

पेणकरीण

हळद घालून दूध घ्या रात्री.

---

गाबोळी_फ्राय

आणि फोटो?

---

वाळूची_नदी

चिवड्याच्या रिकाम्या डब्याचा आहे. पुढच्या बाकावर बसून त्यानं एकट्यानं संपवला. टाकू?